तिकीट न मिळालेल्यांची डर्बी

मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या शंभर वर्षांच्या हाडवैरावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांना गोल, करंडक आणि मोठे खेळाडू अपेक्षित होते. ते सगळं पुढे येईलच. पण जुनी छायाचित्रं चाळताना मी एका दृश्यापाशी अडकलो आणि तिथून हललो नाही. कोलकात्याच्या मैदानातल्या फुटबॉल मैदानाबाहेर माणसांची दाटी आहे. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा लांबट, उभा डबा आहे आणि डोळा डब्याच्या खालच्या टोकाला चिकटलेला आहे. समोर कुंपण आहे, कुंपणापलीकडे गॅलरीतल्या लोकांच्या पाठी आहेत आणि त्या पाठींच्याही पलीकडे सामना चालू आहे. हा डबा म्हणजे घरी बनवलेला पेरिस्कोप.

कोलकात्यात ‘मैदान’ म्हणजे शहराच्या मधोमध पसरलेला हिरवा विस्तार. त्यावर हक्क लष्कराचा, कारण पलीकडेच फोर्ट विल्यम. त्यामुळे क्लबांना तिथे पक्क्या इमारती बांधता आल्या नाहीत. त्यांची कचेरी म्हणजे तंबू. आजही लोक ‘क्लबचा तंबू’ असंच म्हणतात. प्रेक्षकांसाठीही मर्यादित गॅलऱ्याच उभ्या राहिल्या. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना पाहू इच्छिणारं शहर त्या गॅलऱ्यांच्या कितीतरी पट मोठं होतं. उरलेल्यांनी किल्ल्याच्या उतारावर, झाडांवर जागा धरली. ज्यांना तीही मिळाली नाही त्यांनी आरसे आणले.

या साधनात दोनच आरसे असतात. एक डब्याच्या वरच्या टोकाला, एक खालच्या. दोन्ही ४५ अंशांत तिरके आणि एकमेकांना समांतर. वरचा आरसा मैदानाचं दृश्य खाली पाठवतो, खालचा ते डोळ्याकडे वळवतो. दोन वेळा परावर्तन झाल्यानं चित्र सुलटं दिसतं, डावीकडून धावणारा विंगर डावीकडेच राहतो. पण डबा जितका उंच, तितका दृश्याचा तुकडा अरुंद. गर्दीच्या डोक्यांवरून पाहायचं तर डबा लांब हवा आणि लांब डब्यातून अख्खं मैदान कधीच दिसत नाही. चेंडूमागे डबा फिरवत राहायचं, शेजाऱ्याचा धक्का लागला की चित्र गेलं. गॅलरीतून गर्जना उठते तेव्हा तुमच्या आरशात कदाचित फक्त कॉर्नरचा झेंडा असतो. गोल झाला हे कळतं, कुणी केला ते शेजाऱ्याला विचारावं लागतं. सामनाभर हात वर धरून, एक डोळा मिटून एवढा तुकडा पाहायला येणारा माणूस काय मागत होता, हा प्रश्न मला या क्लबांच्या करंडकांच्या यादीपेक्षा मोठा वाटतो.

ही धडपड पेरिस्कोपच्याही आधीची आहे. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. पहिला गोल गोऱ्यांनी केला होता. शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोषनं विजयी गोल मारला. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, बूट होते ते फक्त सुधीर चटर्जींच्या पायांत. लांबलांबून लोक शहरात आले होते आणि त्यातल्या बहुतेकांना मैदान दिसतसुद्धा नव्हतं. त्यांच्यासाठी आकाशात पतंग चढवले गेले, पतंगावर गोलफलक. मान वर करून पतंग वाचणारी ती माणसं या कथेतले पहिले प्रेक्षक.

त्या दिवशी मोहन बागान साऱ्या बंगालचा होता, पूर्वेचा आणि पश्चिमेचाही. क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ची, उत्तर कोलकात्यातल्या भद्र घराण्यांच्या आश्रयानं झालेली. पण १९११च्या संघातले बरेच जण मूळचे पूर्व बंगालातले होते. दुफळी नंतर आली आणि तीही तिसऱ्याच क्लबच्या भांडणातून. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार करंडकात मोहन बागानची गाठ जोडाबागान क्लबशी होती. जोडाबागाननं शैलेश बोस या पूर्व बंगाली खेळाडूला संघाबाहेर ठेवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी कारण विचारलं, समाधान झालं नाही, ते बाहेर पडले. चार दिवसांत, १ ऑगस्टला, ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. मोहन बागान त्या दिवशी फक्त समोरचा संघ होता.

खरी ठिणगी पुढे पडली. कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात दोनच भारतीय संघ असावेत, असा तेव्हाचा नियम. ईस्ट बंगाल दारात येऊन थांबला तेव्हा नऊ ब्रिटिश क्लबांनी त्याला आत घ्यायला हरकत घेतली नाही. विरोध केला तो मोहन बागान आणि आर्यन या दोन भारतीय क्लबांनी. शेवटी नियम गेला, ईस्ट बंगाल आत आला आणि २८ मे १९२५ रोजी लीगच्या पहिल्याच लढतीत त्यानं मोहन बागानला १-० असं हरवलं. गोल नेपाल चक्रवर्तींचा. परक्यांनी वाट दिली आणि आपल्यांनी अडवली, ही सल ईस्ट बंगालच्या माणसाला शंभर वर्षांनंतरही पाठ आहे. यातली विसंगती म्हणजे हे दोन क्लब काही दशकं मैदानातली एकच जागा वाटून घेत होते.

१९४७च्या फाळणीनं या सगळ्याला दुसरंच वजन आलं. पूर्व पाकिस्तानातून लाखो लोक नेसत्या वस्त्रांनिशी कोलकात्यात आले. शहराच्या कडेला निर्वासितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. इथले मूळ रहिवासी ते ‘घोटी’, तिकडून आलेले ते ‘बांगाल’. बोली वेगळी, स्वयंपाक वेगळा, वरून उपऱ्यांना मिळणारे टोमणे. ज्याचं घर, शेत, तळं नकाशाच्या पलीकडे गेलं होतं त्याला आपल्या मुलखाचं नाव सांगणारी एकच जिवंत गोष्ट या शहरात उरली होती, ती लाल-सोनेरी जर्सीत खेळत होती. हिरव्या-मरून जर्सीवाल्यांना हरवणं म्हणजे इथे आपण आहोत हे बजावणं. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिलसा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. दोन्हींचे भाव डर्बीच्या, म्हणजे या दोघांच्या लढतीच्या, निकालावर हलायचे.

ज्यांना पेरिस्कोपही परवडत नव्हता त्यांच्यासाठी रेडिओ आला. अजय बसू, कमल भट्टाचार्य, पुष्पेन सरकार यांचं बंगाली समालोचन म्हणजे त्या पिढीचं मैदान. चहाच्या टपरीवर, गल्लीच्या तोंडाशी, वसाहतीतल्या एकुलत्या एका सेटभोवती दोन्ही बाजूंची माणसं एकाच आवाजाला कान लावून बसत. डोळ्यांनी न पाहिलेला सामना माणूस मनात स्वतः खेळतो आणि तो आयुष्यभर विसरत नाही. या वैराची मुळं इतकी खोल गेली, त्यामागे हे मोठं कारण आहे असं मला वाटतं.

महाराष्ट्राशीही या दोघांचं नातं आहे. मुंबईचा रोव्हर्स करंडक मोहन बागाननं १४ वेळा जिंकला, ईस्ट बंगालनं १० वेळा. कूपरेजवर हे संघ उतरले की मुंबईतले बंगाली दोन तट करून बसत. मोहन बागानचा चुनी गोस्वामी तर क्रिकेटच्या मैदानातही आपल्याला भेटला: १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या ठाकलेल्या बंगालचा तो कर्णधार होता. आणि कोल्हापूरकराला तर हे वैर समजावून सांगायलाच नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठांमध्ये जे होतं, त्याचा आकार शंभर पटींनी वाढवला की कोलकाता दिसतं.

सत्तरचं दशक लाल-सोनेरी रंगाचं. १९७० ते १९७५ सलग सहा वेळा लीग ईस्ट बंगालकडे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानला ५-० असं चिरडलं. दोन गोल श्याम थापाचे. त्या रात्री मोहन बागानचे काही खेळाडू घरी जायला धजावले नाहीत आणि त्यांच्या एका तरुण चाहत्यानं आत्महत्या केली. हा निकाल आजही खुन्नस म्हणून तोंडावर मारला जातो. मारणाऱ्यांनी त्या तरुणाची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. श्याम थापा पुढे मोहन बागानमध्ये गेला आणि १९७८ साली ईस्ट बंगालवरच त्यानं पाठीवर झेपावत मारलेला गोल आजही सांगितला जातो. दलबदलाच्या हंगामात दोन्ही क्लबांचे कार्यकर्ते खेळाडूंना अक्षरशः लपवून ठेवत. ईस्ट बंगालच्या जीवन चक्रवर्ती आणि पल्टू दास या जोडीच्या नावानं मोहन बागानवाल्यांची झोप उडायची.

मग १६ ऑगस्ट १९८० उजाडला. लीगचा सामना ईडन गार्डन्सवर होता. उत्तरार्धात मोहन बागानच्या विदेश बोसला ईस्ट बंगालच्या दिलीप पालितनं पाडलं, विदेश उलटून अंगावर गेला, पंचांनी दोघांना बाहेर काढलं. गॅलरीत दोन्ही क्लबांचे लोक मिसळून बसले होते. हाणामारी सुरू झाली, दगड उडाले, पळापळीत माणसं तुडवली गेली. १६ जण गेले. बहुतेक तरुण पोरं होती, सामना बघायला घरून निघालेली. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात ‘फुटबॉलप्रेमी दिन’ पाळतात आणि रक्तदान होतं. या वैराचं कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात ही तारीख असलीच पाहिजे.

१९८४ साली सॉल्ट लेकचं प्रचंड स्टेडियम आलं आणि पहिल्यांदाच तिकीट जवळपास सगळ्यांना मिळेल एवढी जागा झाली. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन करंडकाच्या उपांत्य सामन्याला १ लाख ३१ हजारांवर लोक आले. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त आपल्या ‘डायमंड’ रचनेच्या भरात होते आणि सामन्याआधी त्यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंची नावं घेऊन टिंगल केली. ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी खेळाडूंना बोलून पेटवण्यात वाकबगार. अमलदांचे शब्द त्यांनी सरपणासारखे वापरले. बायचुंग भुतियानं तीन गोल केले, ४-१. भारतीय फुटबॉलमध्ये एवढी गर्दी त्यानंतर झालेली नाही.

आज त्या स्टेडियमची क्षमता जवळपास निम्मी आहे. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी खुर्च्या बसल्या तेव्हा ती कमी झाली. त्याचं दुःख नाही, माणसं सुरक्षित बसतात. काळजीचं कारण दुसरं आहे.

२०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल विभागातला ८० टक्के हिस्सा इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एटीके क्लब चालवणाऱ्या उद्योगसमूहाकडे गेला आणि संघाच्या नावापुढे ‘एटीके’ लागलं. त्याच वर्षी ईस्ट बंगालही नवा गुंतवणूकदार घेऊन आयएसएलमध्ये उतरला. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात. २७ नोव्हेंबर २०२० रोजी आयएसएलमधली पहिली कोलकाता डर्बी वास्कोच्या टिळक मैदानावर झाली, रिकाम्या गॅलरीसमोर. पुढच्या वर्षी ईस्ट बंगालमध्ये कराराच्या कागदावरून क्लब आणि गुंतवणूकदार भांडले, तंबूसमोर समर्थकांवर लाठ्या चालल्या. तिकडे मोहन बागानचे समर्थक ‘एटीके काढा’ म्हणून वर्षानुवर्षं ओरडत राहिले. २०२३ साली ते नाव निघालं, हा समर्थकांचा विजय होता. जानेवारी २०२२मध्ये मडगावच्या फातोर्ड्यावर कियान नासिरी या बदली खेळाडूनं ईस्ट बंगालवर तीन गोल चढवले. त्याचे वडील जमशेद नासिरी १९८०चे ईस्ट बंगालचे लाडके इराणी खेळाडू. असा दिवस कोलकात्यात लाखभर लोकांसमोर घडायला हवा होता. तो रिकाम्या खुर्च्यांनी पाहिला.

मैदानातला तोलही गेला. २०२४-२५पर्यंत आयएसएलमध्ये दोघांच्या दहा लढती झाल्या: नऊ मोहन बागाननं जिंकल्या, एक बरोबरीत. ड्युरँड आणि सुपर करंडकात ईस्ट बंगालनं उत्तर दिलं, पण मुख्य लीगमध्ये एकच बाजू जिंकत राहिली तर ते वैर राहत नाही. जानेवारी २०२५ची डर्बी तर गुवाहाटीला हलवली, कारण गंगासागर मेळ्यामुळे बंदोबस्ताला पोलीस नव्हते. ज्या कलकत्ता लीगमधून हे सगळं जन्मलं तिथे दोन्ही क्लब आता राखीव संघ उतरवतात. जुलै २०२५मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला करार संपत आल्यानं अख्खी आयएसएलच लांबणीवर टाकली गेली.

आणि तरीही ऑगस्ट २०२४ विसरता येत नाही. आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, शहर रस्त्यावर आलं, सुरक्षेचं कारण देऊन १८ ऑगस्टची ड्युरँड डर्बी रद्द झाली. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक, सोबत मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही, बंद स्टेडियमबाहेर जमले. लाल-सोनेरी आणि हिरवे-मरून झेंडे शेजारीशेजारी होते, घोषणा एकच होती, लाठ्याही सगळ्यांवरच पडल्या. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस पत्नीसह तिथे आला. सामना नव्हता, तिकीट नव्हतं, तरी माणसं आली.

या माणसांना विचारल्याशिवाय या दोन क्लबांचा एकही निर्णय होता कामा नये. महासंघानं वर्षातून किमान दोन डर्बी कोलकात्यातच, हंगामाआधी जाहीर केलेल्या तारखांना खेळवाव्यात. पोलिसांचा बंदोबस्त त्या तारखांभोवती आखावा. कलकत्ता लीगमधली डर्बी तरी दोघांनी पूर्ण संघानिशी खेळावी. आपण मुंबईत रोव्हर्स करंडक बंद पडू दिला. २०००-०१नंतर तो झालाच नाही आणि कुणी रस्त्यावर आलं नाही. कोलकात्यात लोक अजून येतात.