एका शब्दासाठी!

बालमित्रांनो, आमच्या कोल्हापुरात, त्यातून मंगळवार पेठेत, फुटबॉल म्हणजे जीव की प्राण! गल्लीत चेंडू, मैदानात चेंडू आणि गप्पांतही चेंडूच. एकदा मी शाळेच्या फळ्यावर सूचना लिहिली, 'फुटबॉलसाठी मुलांनी नावे द्यावीत.' मधल्या सुट्टीपर्यंत चौदा नावं आली. सगळी मुलग्यांची! मग चौथीतली एक मुलगी हळूच जवळ आली.

"बाई, आमी बी नावं द्यायची व्हय? का पोरांनीच?"

"अगं, मुलांनी म्हणजे सगळ्यांनीच की!" मी म्हटलं खरं, पण माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. माझ्या मनात होतं, ते फळ्यावर कुठं होतं?

अगदी हाच प्रश्न एका भारतीय बाईंनी साऱ्या जगाला विचारला होता, ठाऊक आहे का? त्यांचं नाव हंसाबेन मेहता.

हंसाबेनचा जन्म सुरतचा, १८९७ सालचा. वडील सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात दिवाण होते. बडोद्याला शिकून त्या इंग्लंडला गेल्या. पुढे मुंबईत राहून स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या, तुरुंगातही गेल्या. महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या. आणि बरं का, गलिव्हरच्या सफरी त्यांनी गुजराती मुलांसाठी भाषांतरित केल्या! १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने घटना समितीला राष्ट्रध्वज अर्पण केला, तोही त्यांनीच.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. प्रत्येक माणसाचे हक्क कोणते, हे लिहून काढायला संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्क आयोग नेमला. अठरा देशांचे प्रतिनिधी, त्यांत बाया दोनच! एक अध्यक्षा, अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. दुसऱ्या आपल्या हंसाबेन.

मसुद्यात 'ऑल मेन' असे शब्द होते. इंग्रजीत 'मेन' म्हणजे माणसं, आणि 'मेन' म्हणजे पुरुषही. 'त्यात बायका आल्याच की,' असं रूझवेल्टबाईंनाही वाटे. पण हंसाबेन हटल्या नाहीत. काही देश 'मेन'चा अर्थ फक्त पुरुष असाच घेतील आणि स्त्रियांना हक्क नाकारतील, हा त्यांचा मुद्दा होता. शेवटी शब्द बदलला. 'ऑल ह्यूमन बीइंग्ज', म्हणजे सर्व मानव! १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो जाहीरनामा मंजूर झाला. ४८ देश बाजूने, आठ तटस्थ, विरोधात एकही नाही. त्याच्या पहिल्याच कलमाची सुरुवात आजही त्याच शब्दांनी होते.

आणि आमच्या फळ्याचं काय झालं? मी 'मुलांनी' पुसून 'मुलामुलींनी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सात मुलींची नावं आली. त्या चौथीतल्या मुलीचं पहिलं!

मित्रांनो, आज एक काम करा. तुमच्या दारावरची पाटी वाचा. तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत? आईचं आहे? नसेल तर बाबांना विचारा, का नाही म्हणून!