यमन आणि ॲसिडचा ठेका

अहिल्यानगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारा ड्रम मशीनचा ठेका परदेशातून आला, असं आपण धरून चालतो. १९८० च्या दशकातल्या ॲसिड आणि इलेक्ट्रो या नृत्यसंगीताच्या धाटणीवर आज निघणाऱ्या नव्या रेकॉर्डही आपल्याला म्हणूनच परक्या वाटतात. पण याच आवाजाची एक रेकॉर्ड १९८२ मध्ये मुंबईत झाली होती. हिंदी चित्रपटगीतांत वाजवणारे वादक चरणजितसिंग यांनी यमन, भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीने ते बाजारात आणले. त्यांची साधनं तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: टीआर-८०८ ठेक्याला, टीबी-३०३ खर्जाला आणि ज्युपिटर-८ रागाच्या सुरावटीला.

यातलं टीबी-३०३ मुळात एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्या कामात ते फसलं, १९८४ मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं. पुढे शिकागोच्या तरुणांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि त्याची बटणं फिरवत तो चिरका, वळवळता आवाज काढला. त्यांच्यातल्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड १९८७ ची, म्हणजे मुंबईच्या रेकॉर्डनंतर पाच वर्षांनी. तेव्हा ॲसिडचा जनक मुंबईचाच, असा दावा काही जण करतात. तो मला मान्य नाही; शिकागोकरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. मग दोन्हींतलं साम्य हा निव्वळ योगायोग? तसंही नाही. रागात पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलत नाहीत. षड्ज स्थिर राहतो आणि त्याच्याभोवती ठरावीक स्वर फिरत राहतात. टीबी-३०३ ला नेमकं हेच जमतं: एकच छोटी सुरावट अखंड फिरवायची आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं.

यंत्राला श्रुती कळत नाहीत, हा जाणकारांचा आक्षेप खरा आहे. ती घसरण म्हणजे मींड नव्हे. पण रागाचं चलन सिंगांनी यंत्रावर सोपवलेलं नाही, ते त्यांच्या बोटांतून येतं. यंत्राकडे खर्ज आणि ठेका एवढंच काम. तंबोरा आणि तबल्याच्या साथीत गायक मोकळा राहतो, तीच ही विभागणी. म्हणूनच राग इथे ओळखू येतात. त्या काळी रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा सत्तरीतल्या सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले.