पोलीस-ठाण्यावरून निरोप आला तर?

पूर्वी सुशिक्षित घरांत क्षयाचे नाव निघाले की आवाज आपोआप खाली येई. आता तो अमली पदार्थांच्या नावाने येतो. “आमच्या घरात असले काही नाही हो!” असे आपण म्हणतो, आणि बहुधा ते खरेही असते. पण मुलगा पुण्याला वसतिगृहात राहतो, मुलीने बंगळूरला तिघींत मिळून खोली घेतलेली असते. कुणाच्या कपाटात काय आहे, कोणी सांगावे? एके रात्री ठाण्यावरून निरोप येतो. मग शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दारे लावून कुजबुज सुरू होते आणि ‘वरपर्यंत ओळख असलेल्या’ एखाद्या गृहस्थाचा शोध घेतला जातो. घात होतो तो इथेच. हे खटले पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांवर ठरतात, आणि ते कागद वाचायला वशिल्याचा नव्हे, कायद्याचा माणूस लागतो.

हा कायदा १९८५ सालचा. नाव लांबलचक असल्यामुळे वकील मंडळी त्याला एन्.डी.पी.एस. म्हणतात. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून शिक्षेचा सारा हिशेब वजनावर आला. गांजा १ किलोपर्यंत असला तर ‘अल्प’, २० किलोंहून अधिक असला तर ‘व्यापारी’. चरसाचे हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो; हेरॉइनचे ५ आणि २५० ग्रॅम; कोकेनचे २ आणि १०० ग्रॅम. अल्प मालाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मालाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी मालाला मात्र दहा वर्षांच्या खाली बातच नाही. वर वीस वर्षे, आणि दंड एक ते दोन लाख. तिथे जामीनही महाकठीण, कारण आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची आधी खात्री पटावी लागते.

यातही एक मेख आहे. भुकटीत साखर मिसळलेली असली तर वजन कशाचे धरायचे? २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सगळ्या मिश्रणाचे. (शिवरात्रीच्या भांगेची आठवण वाचकांना झाली असेल. नुसती पाने या कायद्यातल्या ‘गांजा’त येत नाहीत, फुलोऱ्याचे शेंडे येतात. राज्याचे नियम निराळे. तेव्हा हौस जपूनच.)

वजनानंतर झडती. अंगझडतीपूर्वी त्या माणसाला सांगावे लागते की, तुझी इच्छा असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती होईल. हा हक्क सांगणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. नुसत्या पिशवीची झडती असेल तर मात्र हा नियम लागत नाही. म्हणून माल खिशात सापडला की पिशवीत, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी त्यावर मुलाची दहा वर्षे अवलंबून असू शकतात. पुढे पंच कोण होते, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, सील शाबूत होते का? आणि खोली तिघींची असेल तर माल तिथे आहे हे आपल्या मुलीला ठाऊक तरी होते का? एकदा ताबा सिद्ध झाला की न्यायालय आरोपीविरुद्ध गृहीत धरून चालते, म्हणून या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व.

आता वकील. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे पाटी पाहून काही कळायचे नाही. घरचा वकील दिवाणी वाटणीच्या दाव्यांत कितीही निष्णात असो, इथे तो अनोळखी गावी आलेला पाहुणा. हे खटले बहुतेक विशेष न्यायालयांत चालतात. तिथे रोज उभे राहणारे वकील कोण, हे त्यालाच विचारावे, तो प्रामाणिकपणे सांगेल. पहिल्याच भेटीत जो वजन, पंचनामा आणि झडतीची वेळ विचारतो, त्याच्याजवळ बसावे. जो “साहेब आपलेच आहेत” म्हणून आगाऊ रक्कम मागतो, त्याला नमस्कार करून उठावे. वकीलपत्रावर सही करताना ते वाचावे, आणि फीची पावती मागायला संकोचू नये.

पैसे नसले तर? कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावेच लागते. त्या वेळी वकील हजर असला पाहिजे.

मुलगा खरोखरच व्यसनी असेल आणि माल अल्प असेल, तर वकिलाला कलम ६४-अ बद्दल विचारावे. सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत तो स्वखुशीने व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडले, तर मात्र ही सूट काढून घेता येते.