एक नळी गोळीची, एक छर्ऱ्याची

आंबिया बहाराची संत्री उतरविण्याची धांदल चालू असताना माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. सौंसरकडे डोंगराच्या पायथ्याशी त्याची पाच-सहा एकर शेती आहे. पावसाळ्यात रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला होता आणि आता रात्री ससे येऊन नव्या कलमांची साल कुरतडीत होते. खोडाभोवतालची साल गेली की कलम वाळते. दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. चहाचा पेला खाली ठेवीत तो म्हणाला, "सर, एका नळीत गोळी अन् दुसरीत छर्रा, अशी स्वस्तातली बंदूक कुठं भेटन का हो? डुकरालेही चालन अन् सशालेही."

प्रश्न ऐकून मला प्रथम हसू आले. मराठी शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला बंदुकीचा प्रश्न! परंतु त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आणि अशी बंदूक ही काही कविकल्पनाही नव्हे. डुकरासाठी गोळी व पाखरासाठी छर्रा, आणि दोन बंदुकांची ऐपत नाही, ही अडचण जगभरच्या शेतकऱ्यांची आहे. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीच्या शेतकऱ्यांसाठी इंग्रज कारागिरांनी शेजारी शेजारी दोन नळ्यांची बंदूक घडविली. तिची एक नळी आतून आटे पाडलेली, म्हणजे रायफलची, आणि दुसरी गुळगुळीत. तिला 'केप गन' हेच नाव पडले. जर्मनांनी तीन नळ्यांची 'ड्रिलिंग' बनविली. अमेरिकेत १९५० पासून 'सॅव्हेज मॉडेल २४' या नावाने मिळू लागलेली बंदूक तर अगदी सामान्य कास्तकाराच्या ऐपतीची होती. तिच्यात वर .२२ ची रायफल आणि खाली .४१० ची छर्ऱ्याची नळी असे.

हे आकडे वाचकांना गूढ वाटतील. .२२ आणि .४१० ही नळीच्या व्यासाची इंचातील मापे होत. 'बाराबोर' मधील बारा मात्र इंच नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. नळीतील आटे गोळीला फिरकी देतात, म्हणून ती दूरवर सरळ जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेले छर्रे पसरतात आणि तीस-चाळीस मीटरांपलीकडे त्यांचा जोर ओसरतो. .२२ ची गोळी दिसायला एवढीशी. पण ती किलोमीटरभराहूनही पलीकडे जाऊन पडू शकते. ज्या मुलखात बांधाला बांध आणि बांधाआड कोणाची तरी झोपडी, तेथे हा गुण नसून धोका आहे.

आपल्याकडे या दुहेरी बंदुकीला आणखी एक अडचण आहे. ती कायद्याची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम शेतकऱ्याला एक सवलतीचे दार उघडून देते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अन्य काही बाध नसल्यास, परवाना द्यावा असे ते सांगते. ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत बंदूकही देता येते. परंतु दोहोंपैकी एका नळीत आटे आले की ती बंदूक गुळगुळीत राहिली नाही आणि ते दार बंद झाले. मग निराळे सबळ कारण दाखवावे लागते. परदेशी मालाच्या आयातीवर तर कडक निर्बंध आहेत. तेव्हा 'स्वस्त' हा शब्द येथेच गळून पडतो.

"मग आपल्या लोकांचं भागत कसं होतं?" त्याने विचारले. भागत होते, कारण दोन नळ्यांचे काम ते एकाच नळीकडून करून घेत. एकनळी बाराबोरमध्ये बारीक छर्ऱ्यांचे काडतूस घातले की ती पाखरांची बंदूक. मोठ्या छर्ऱ्यांचे किंवा एकाच गोळीचे घातले की ती डुकराची. बदलायचे ते काडतूस, बंदूक नव्हे. ठासणीच्या बंदुकीतही हाच हिशेब. दारूवर छर्रे ठासा, नाही तर गोळी.

मात्र 'सशालेही' हा त्याचा शब्द मला अडवावा लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्रारंभी लहान शिकारीचा स्वतंत्र परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे हे परवाने गेले. आज ससा काय नि तितर काय, हौसेने वा भाजीसाठी मारणे हा गुन्हा आहे. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या डुकरासाठी अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते; पण ती आधी हाती हवी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे आपल्याकडे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कुंपणात चोरून वीज सोडणारे तर याहून भयंकर करतात. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचे पोर यांतला भेद कळत नाही.

तो काही वेळ गप्प राहिला. मग सहज बोलून गेला, "बाबांची भरमार आहेच घरी. माळ्यावर पडली आहे. बाबा जाऊन दोन वर्सं झाली."

मी चमकलो. ज्या बंदुकीचे नाव घेऊन कायद्याने शेतकऱ्याला सवलत दिली, ती याच्या माळ्यावर धूळ खात होती, आणि हा नवीच्या शोधात हिंडत होता! त्याहून गंभीर गोष्ट त्याच्या गावीही नव्हती. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. परवानाधारक वारल्यावर वारसाने विनाकारण विलंब न करता बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी, असे एकविसावे कलम सांगते. तसे न केल्यास ती आठवण न राहता विनापरवाना शस्त्र ठरते, आणि त्याची शिक्षा तुरुंगवास आहे. आपल्या भागात अशा किती भरमार बंदुका आढ्याला टांगलेल्या असतील!

दुसऱ्याच दिवशी मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. झालेला उशीर त्याने लपविला नाही. बंदूक जमा झाली आणि पावती मिळाली. पीकरक्षणासाठी तीच बंदूक आपल्या नावे मिळावी म्हणून त्याने अर्ज केला आहे. त्याचा निर्णय व्हावयाचा आहे. दरम्यान प्रत्येक कलमाच्या बुंध्याभोवती त्याने हातभर उंचीची बारीक तारेची जाळी बसविली आणि तिची खालची कड मातीत पुरली. शेजारच्या तिघांशी बोलून डुकरांसाठी रात्रीची जागल पाळीपाळीने वाटून घेतली.

परवा बाजारात भेटला. जाळी लावल्यापासून एकही कलम गेले नाही, म्हणाला. पावती मात्र अजून खिशातच बाळगतो. निघताना त्याने ती काढून मला दाखविली. घडीवर फाटू नये म्हणून तिला मागून कागद चिकटविला होता.