आरटीई आठवीला का थांबते?

नागपूरच्या रामदासपेठेत रुग्णालयं, डॉक्टरांचे बंगले आणि नावाजलेल्या शाळा आहेत. लागूनच काचीपुऱ्याची वस्ती आहे. डॉक्टरांचं मूल आणि रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या मावशीचं मूल एकाच वर्गात बसावं, याची सोय शिक्षण हक्क कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्याच वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना देणं बंधनकारक केलं. या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारनं करायची.

पालक याला नुसतं 'आरटीई' म्हणतात. ऑनलाइन अर्ज, घरापासून शाळेचं अंतर, मग सोडत. आर्थिक दुर्बलांसाठी उत्पन्नमर्यादा वर्षाला १ लाख रुपये, म्हणजे महिना जेमतेम ८,३३३. अनुसूचित जाती-जमातींना ही अट नाही. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा कायद्याबाहेर गेल्या, त्यामुळे अनेक कॉन्व्हेंटची दारं या मुलांना बंदच आहेत.

उरलेलं दारही ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारनं लोटू पाहिलं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला सूट! शहरात अशी शाळा जवळपास सगळीकडेच सापडते. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलैला ती दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निर्णय कायम ठेवला.

हक्क वाचला, पण अर्धाच. कायदा ६ ते १४ वयापुरता असल्यानं मोफत शिक्षण आठवीला संपतं. नववीत पूर्ण फी भरा, नाहीतर शाळा सोडा. आठ वर्षं ज्या मित्रांबरोबर, ज्या माध्यमात मूल शिकलं, ते सगळं दहावीच्या उंबरठ्यावर सुटतं. पुढे नीट-जेईईच्या शिकवण्यांचा खर्च येतो, तो वेगळाच.

शाळांचीही तक्रार खरी आहे. सरकारी प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते आणि त्याचा राग मुलांवर निघतो. म्हणून थकबाकी वेळेत द्यायला हवी आणि पालिकेच्या शाळा इतक्या चांगल्या करायला हव्यात की सोडतीची आस धरावी लागू नये. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०३०पर्यंत माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेऊ म्हणतं. मग राज्यानं या २५ टक्क्यांचं शुल्क बारावीपर्यंत उचलावं. आठवीत हात सोडायचा असेल, तर त्याला हक्क म्हणता येत नाही.