इशारा गप्प करू नका, त्याला उत्तर द्या
वारशाचा कोड : लेखांक 4

मागच्या आठवड्यात आपण वर्षानुवर्षे चालत आलेला एक ओपन सोर्स नेटवर्क कोड कंपाइल केला. प्रोग्राम तयार झाला, पण स्क्रीनभर वॉर्निंगची रांग लागली. ती कशी आवरायची, ते आज पाहू.

वॉर्निंग म्हणजे कंपायलरने विचारलेला प्रश्न : 'तुम्हाला खरेच हेच म्हणायचे आहे का?' नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. सॉकेटवरून डेटा वाचणारे फंक्शन किती बाइट आले ते सांगते आणि काही बिघडले तर उणे 1 परत करते. पुढे तपासणी असते : आलेले बाइट हेडरच्या आकारापेक्षा कमी असतील तर थांबा. दिसायला हे चोख आहे. पण 'साइझऑफ'ने काढलेला आकार अनसाइन्ड असतो. त्यामुळे सी भाषेच्या नियमाप्रमाणे तुलनेआधी उणे 1 सुद्धा अनसाइन्ड होतो, आणि 64 बिटच्या मशिनवर त्याचे 18446744073709551615 होतात! एवढी संख्या हेडरपेक्षा लहान कशी असेल? कोड पुढे सरकतो आणि न आलेले पॅकेट वाचू लागतो.

जीसीसीचा 'साइन-कम्पेअर' इशारा नेमके यावरच बोट ठेवतो. घाईत कोणी तिथे कास्ट टाकतो. इशारा जातो, चूक तशीच राहते. खरा उपाय सोपा आहे : आधी उत्तर उणे आहे का ते पाहा, मग आकार तपासा.

इशारा नुसता घालवण्याची किंमत 2008 मध्ये जगाने मोजली. किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या कोडबद्दल वॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे साधन तक्रार करत होते. 2006 मध्ये डेबियनच्या पॅकेजमधून त्यासाठी दोन ओळी काढण्यात आल्या. त्यांतली एक ओळ यादृच्छिकतेचा खरा साठा भरणारी होती. ती गेल्यावर बदलता उरला फक्त प्रोसेस क्रमांक. प्रत्येक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम 32 हजार शक्यता राहिल्या, आणि मे 2008 मध्ये हे उघड झाल्यावर असंख्य एसएसएच किल्ल्या बदलाव्या लागल्या.

म्हणून शिस्त अशी ठेवा. एका कमिटमध्ये एकाच प्रकारची वॉर्निंग हाताळा. ती ओळ कोणी, कधी, का लिहिली ते 'गिट ब्लेम'मध्ये पाहा. बदलाचे कारण कमिटच्या संदेशात लिहा. कारण कळत नसेल तर ती ओळ तशीच ठेवून मूळ प्रकल्पाच्या मंडळींना विचारा. सगळे साफ झाल्यावर वॉर्निंगलाच एरर मानणारा पर्याय स्वयंचलित चाचणीत लावा. वापरकर्त्यांच्या बिल्डमध्ये नको, कारण उद्याचा नवा कंपायलर नवे इशारे देईल आणि त्यांचे काम अडेल.

या आठवड्यात तुमच्या कोडमधली एकच वॉर्निंग निवडा आणि तिचे कारण समजेपर्यंत तिला हात लावू नका.