आकाशातील उपग्रह आणि हातातील यंत्र

२००९ च्या ऑक्टोबरात गूगलने रस्ता दाखविण्याची सोय भ्रमणध्वनीवर विनामूल्य देऊ केली, त्या दिवशी अमेरिकेतील गार्मिन कंपनीचे भाग बाजारात धाडकन कोसळले. मोटारीच्या काचेला चिकटवायच्या आणि वळण आले की बोलून सांगणाऱ्या यंत्रांचा हिच्या उत्पन्नात मोठा वाटा होता. तेच काम फुकट होऊ लागल्यावर कंपनी जगणार कशी, ही जाणत्यांची शंका रास्तच होती. त्याच कंपनीने २०२४ साली सहा अब्ज डॉलरांहून अधिक विक्री केली.

गॅरी बरेल आणि तैवानमध्ये जन्मलेले मिन काओ या दोन अभियंत्यांनी १९८९ मध्ये कॅन्सस राज्यात हा उद्योग आरंभिला. दोघांच्या नावांतली अक्षरे जुळवून पुढे कंपनीचे नाव झाले. ज्या उपग्रहांवर सारा धंदा चालायचा, त्यांतला एकही त्यांचा नव्हता. ते होते अमेरिकी लष्कराचे, करदात्यांच्या पैशातून उभारलेले. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान सोविएत लढाऊ विमानाने पाडले व २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर रेगन सरकारने ही यंत्रणा नागरी वापरास खुली करण्याचे जाहीर केले.

तिची रचनाच मोठी उदार आहे. प्रत्येक उपग्रह आपली वेळ व स्थान अखंड सांगत राहतो. चार उपग्रहांचे संदेश येण्यास लागलेला वेळ मोजून यंत्र आपली जागा ठरविते. खाली कोण ऐकते आहे, याची उपग्रहाला गंधवार्ताही नसते. शुल्क नाही की परवाना नाही. मात्र नागरी संदेशात बुद्ध्याच चूक मिसळली जाई. ती प्रथा मे २००० मध्ये क्लिंटन यांनी थांबविली आणि शंभर मीटरांपर्यंतची चूक एकदम पुष्कळ कमी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गार्मिनचे भाग बाजारात आले.

संदेश सर्वांनाच फुकट असल्यावर उरते ते ऐकणारे यंत्र. ते कंपनीने स्वतः आखले आणि तैवानमधील स्वतःच्या कारखान्यात घडविले. नावाड्यासाठी, वैमानिकासाठी, गिर्यारोहकासाठी आणि २००३ पासून धावपटूच्या मनगटासाठी. तिने भ्रमणध्वनीही काढून पाहिला. तो सपशेल फसला. तारले ते मनगटावरच्या घड्याळाने आणि विमानातील उपकरणांनी, कारण पावसात भिजून वा दिवसभर चालून बंद न पडणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक पैसे मोजते.

भारताने नेमकी उलटी वाट धरली. स्वतःच्या यंत्रणेचा निर्णय २००६ मध्ये झाला, १ जुलै २०१३ रोजी पहिला उपग्रह गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये सातवा. 'नाविक' हे नावही सुंदर मिळाले. परंतु त्याचे संदेश एल-५ व एस या लहरपट्ट्यांवर, तर जगातील बहुतेक स्वस्त यंत्रांचा कान एल-१ कडे. मग घड्याळवाले इकडे वळणार कशाला? १ एप्रिल २०१९ पासून नव्या व्यापारी वाहनांत नाविक ऐकणारे यंत्र सक्तीचे झाले व देशी उत्पादकांना बाजार मिळाला. पण सक्तीचे गिऱ्हाईक यंत्राची पारख करीत नाही. त्याला नोंदणीचा कागद हवा असतो. ट्रकमध्ये बसविलेली ती पेटी सहा महिन्यांनी जिवंत आहे की नाही, याचे मालकाला काय?

एल-१ चा संदेश नाविकला मिळाला तो २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एन्‌व्हीएस-०१ या उपग्रहामुळे. त्यात देशी बनावटीचे आण्विक घड्याळही आहे. त्याचा धाकटा भाऊ एन्‌व्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये आकाशात गेला, पण नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. तो दोष पुढच्या उड्डाणांत निस्तरता येईल. मनगटावर मावेल आणि सक्तीविना विकले जाईल असे यंत्र घडविण्याचे काम मात्र अग्निबाणाच्या तळावर होणारे नाही. ते कारखान्यात व्हावयाचे आहे.